तुम्ही विचारलंत म्हणून: आयसीयूत मन घट्ट कसं करतात?

"रोज मरण बघता, मन घट्ट कसं करता?" आयसीयूतल्या सिस्टरना नातेवाईक हे विचारतात, नव्याने रुजू झालेल्या मुली विचारतात. व्यवस्थापनही विचारतं आणि उत्तराची वाट न बघता श्वासाच्या व्यायामाचं सत्र लावून मोकळं होतं. त्या व्यायामाला माझा विरोध नाही. पण नुसत्या मरणाने नर्स खचत नाही. उपचारांचा उपयोग नाही हे दिसत असूनही तेच आपल्या हातांनी करत राहावं लागतं, त्याने खचते. नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेमेटन यांनी 1984 मध्येच या नैतिक क्लेशावर बोट ठेवलं होतं.

सीपीआर, म्हणजे बंद पडलेलं हृदय चालू करायचा प्रयत्न, अपयशी ठरल्यानंतरचा अर्धा तास बघा. दर दोन मिनिटांनी छाती दाबणारे हात बदलले, दर 3 ते 5 मिनिटांनी 1 मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन गेलं, शेवटी मृत्यूची वेळ जाहीर झाली. डॉक्टर नातेवाइकांशी बोलायला गेले. नर्स तिथेच. अंग पुसायचं, डोळे मिटायचे, नोंदी पुऱ्या करायच्या, क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची गाडी, पुन्हा भरायची. तेवढ्यात शेजारच्या बेडवर बीपी टिकवणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनची सिरिंज संपत आल्याचा अलार्म. बदलायला उशीर झाला तर त्या पेशंटचं बीपी कोसळेल. ती धावते.

इथेच काहीतरी करायला हवं. शेजारचा पेशंट पंधरा मिनिटं दुसरीने घ्यायचा. नुसतं "बघते गं" पुरत नाही. कुठला पंप किती वेगाने चाललाय, सिरिंज कधी संपेल, हे सांगून रीतसर हँडओव्हर. मग पाच-दहा मिनिटं सगळ्यांनी थांबायचं: काय झालं, काय जमलं, कुठे अडलं. दोष कुणाचा, हे तिथे नाही. मन मोकळं करायची सक्ती तर नकोच. आघातानंतर लगेच अशी सत्रं घेऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये स्पष्ट सांगितलंय. पुढे लक्ष ठेवायचं: झोप उडणं, तो बेड टाळणं, घरीही अलार्म ऐकू येणं. महिनाभरात ओसरलं नाही तर तज्ज्ञांकडे, आणि त्याची कुणकुण इन्चार्जना लागता कामा नये, नाहीतर कुणी जाणारच नाही.

पूर्वी मी ठासून सांगायचे, व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक पेशंटला एक नर्स द्या, बाकी आपोआप सुधारेल. अजूनही बरंचसं तेच म्हणणं आहे. पण माणसं पुरेशी असूनही उपचार थांबवायच्या चर्चेत नर्सला बोलावलंच नाही, तर ती आतून तशीच जळते. आणि चर्चेत बसवलं, तर तेवढा वेळ तिचा पेशंट कोण बघणार? पुन्हा माणसांवरच येतं.