साडेएकसष्ट कोटी माणसं

स्मरणिकेसाठी लिही म्हणून खजिनदाराचा (म्हणजे माझ्याच बाकावरचा) तीनदा फोन आला, मी म्हटलं बाबा मी बँकेतला माणूस, मला 'अक्षरी रुपये' सोडून काही लिहिता येत नाही, तर म्हणे तेच लिही. म्हणून तेच लिहितोय.

1984 साल असेल, सातवीचा वर्ग. गणिताचे सर आकडा तोंडी सांगायचे आणि आपण फळ्यावर लिहायचा. त्या दिवशी 1981 च्या जनगणनेचा आकडा होता, अडुसष्ट कोटी तेहतीस लाख एकोणतीस हजार सत्त्याण्णव. मी ऐटीत लिहिलं 68,33,29,97 आणि खडू ठेवून दिला. सर ओरडले वगैरे नाहीत, फक्त म्हणाले आता उजवीकडून स्वल्पविराम दे, आधी तीन मग दोन-दोन, आणि वाच. मी वाचलं, सहा कोटी त्र्याऐंशी लाख बत्तीस हजार नऊशे सत्त्याण्णव. "साडेएकसष्ट कोटी माणसं कुठं ठेवलीस रे? दप्तर बघ." वर्ग आठवडाभर मला दप्तर दाखव म्हणत होता.

गंमत अशी की बोलताना शतकाचं घर रिकामं असेल तर आपण त्याचं नावच घेत नाही, सरळ हजारावरून सत्त्याण्णववर उडी. सर म्हणायचे घर रिकामं असलं तरी दाराला कुलूप लागतंच, शून्य म्हणजे ते कुलूप. चाळीस लाख पाच हजार सात लिहा म्हटलं की निम्म्या वर्गाची कुलपं हरवायची.

एकदा 99 ला मी एकोणशंभर लिहिलं होतं. सगळे हसले, सर नाही हसले. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळीकडे एकोण चालतं मग इथंच का नाही, हे पोराचं बरोबरच आहे म्हणाले, पण मार्क मात्र कापला!

बुद्धिबळाच्या पटावर एक, दोन, चार असे दुप्पट दाणे ठेवत गेलो तर चौसष्ट घरांचे मिळून किती, तो आकडा पण त्यांनीच लिहून दिलेला, 1,84,46,74,40,73,70,95,51,615. वीस अंकी. लीलावतीत भास्कराचार्यांनी एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिलीत, आणि आम्ही अब्ज, खर्व, निखर्व करत परार्धाला पोचलो तरी डावीकडे दोन अंक उरले. नावं संपली आणि आकडा शिल्लक, मला तेव्हा खरंच भीती वाटली होती. भास्कराचार्य तर आमच्या बाजूचेच वाटायचे, पाटणच्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे, चाळीसगावहून पाटणादेवीला गेलो की सर हमखास सांगायचे.

पुढं बँकेत लागलो. चेकवर आकडा आणि अक्षर जुळलं नाही तर 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 18 प्रमाणे अक्षरातली रक्कम खरी, आता काउंटरवर आम्ही असा चेक सहसा परतच करतो ती गोष्ट वेगळी. आकड्यापुढे शून्य वाढवायला पेनचा एक फेरा पुरतो, 'पाच हजार'चं 'पन्नास हजार' करायला घाम फुटतो.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसऐवजी वीस सात आलं आणि केवढा गदारोळ झाला. जोडाक्षरं पोरांना जड जातात हे मला पटतं, सत्त्याण्णव लिहिताना अजून माझा एखादा ण सुटतो. पण काउंटरवर कुणी "वीस सात हजार" म्हणालं तर मी सत्तावीस हजार मोजू की वीस सात-हजारी गड्ड्या, ते आधी सांगा.

शाळेला चेक पाठवलाय, 11,097 चा. खजिनदार म्हणाला 97 काय रे, राउंड फिगर कर ना. नाही केली. पावती परवा व्हॉट्सअ‍ॅपवर आली, आधी झूम करून शतकाचं घर बघितलं. कुलूप आहे.