खंदकांची वही : जागा चौदावी, सफोक

मंडळी, इंग्लंडातल्या जुन्या खंदकांच्या या वहीतली चौदावी जागा शनिवारी पाहून झाली, पूर्वेकडच्या सफोक परगण्यात. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेच्या नकाशावर प्राचीन अवशेषांची नावं जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत छापतात. तसं इवलंसं ‘मोट’ (moat, म्हणजे खंदक) एका शेताच्या कडेला दिसलं, शिवाय सार्वजनिक पायवाट अगदी काठावरून जाते, म्हणून हीच निवडली.

निघण्याआधी लायडारचं, म्हणजे विमानातून लेसर सोडून मोजलेल्या जमिनीच्या उंचसखलपणाचं चित्र पाहिलं होतं. झाडोरा वजा केला की खंदकाचा चौकोन लख्ख उमटतो. जागेवर मात्र डोळा बसायला वेळ लागला. पूर्वेच्या बाजूला अजून पाणी आहे, शेवाळानं हिरवंगार. लांबी माझी साठ पावलं. उत्तरेची बाजू बुजलीय, गवताखाली हातभर खोलगटपणा तेवढा उरलाय. मधल्या बेटावर वाड्याचा एक दगड दिसत नाही, नुसतं नेटलचं, म्हणजे अंगाला लागलं की आग होणाऱ्या खाजऱ्या रोपाचं रान. माणसं-गुरं नांदलेल्या मातीत फॉस्फेट साचतं आणि तिथं हे रोप माजतं, म्हणून मला ते पाहून बरंच वाटलं.

खंदक म्हटलं की आपल्याला नगरचा भुईकोट आठवतो. इंग्लंडात असे सुमारे ६००० खंदक माहीत आहेत, बरेचसे १२५० ते १३५० या काळातले, आणि त्यातले बहुतेक जमीनदारांच्या वाड्यांभोवतीचे. चोराचिलटांना अडवायला ते उपयोगी पडत असतील, पण मुख्य गोष्ट दबदब्याची. सफोक आणि शेजारच्या एसेक्स परगण्याच्या चिकणमातीत पाणी टिकतं, त्यामुळे इकडे त्यांची दाटी.

माझा जीव गुंतलाय तो तळाच्या गाळात. तिथं हवा पोचत नाही, म्हणून लाकूड, चामडं, बिया, परागकण शेकडो वर्षं टिकतात. गेल्या वर्षी एका ठिकाणी यंत्र लावून खंदक ‘साफ’ केलेला पाहिला. काठावर गाळाचा ढीग वाळत पडलेला, त्यातून काळं पडलेलं, तासलेलं एक लाकूड डोकावत होतं. उन्हानं ते उभं भेगाळलं होतं. पोटात तुटलं. ती जागा संरक्षित यादीत नव्हती. यादीत असती तर प्राचीन अवशेषांविषयीच्या १९७९च्या कायद्यानुसार आधी परवानगी घ्यावी लागली असती. मेटल डिटेक्टर फिरवायलासुद्धा लागते.

ही चौदावी जागा यादीत आहे, घरी येऊन पुन्हा तपासलं. दक्षिणेच्या बांधात बॅजर या रानटी प्राण्यानं बिळं पाडलीत, त्यांचे फोटो तारखेसह ठेवलेत. जानेवारीत परत जाणार आहे. उत्तरेची बुजलेली बाजू पावसाळी दिवसांत पाणी धरते का, ते बघायचंय.