एक किलोच्या आतला लॅपटॉप आणि भरलेल्या पिशवीचे वजन

बाजारात न आलेल्या लॅपटॉपची चर्चा नेहमी तीन आकड्यांभोवती फिरते: वजन, किंमत आणि वेग. एक किलोच्या आतल्या अशाच एका नव्या यंत्राविषयी सध्या बोलले जात आहे, आणि नाशिकमध्ये लेखापरीक्षण व करसल्ल्याचे काम करणाऱ्या माझ्या परिचयातील काही जणांनी तेवढ्या बोलण्यावर खरेदी लांबणीवर टाकली आहे. मलाही यंदा जुना लॅपटॉप बदलायचा असल्यामुळे मी या आकड्यांचा शांतपणे विचार केला. माझे मत असे झाले आहे की ज्या आकड्याचा सर्वाधिक गाजावाजा होतो, म्हणजे नुसत्या यंत्राचे वजन, तोच आपल्या कामासाठी सर्वांत कमी उपयोगाचा आहे.

सकाळी सातपूरला एका कारखान्यात, दुपारी सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत आणि महिन्यातून काही वेळा पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला, असा ज्याचा दिनक्रम आहे त्याच्या खांद्यावर लॅपटॉप एकटा नसतो. पिशवीत चार्जर असतो, माउस असतो आणि डिजिटल सहीचे यूएसबी टोकन, म्हणजे ऑनलाइन कागदपत्रांवर सही करण्याचे पेनड्राइव्हसारखे साधन असते. हे टोकन बहुधा जुन्या, रुंद यूएसबी खाचेतच बसते. अनेक अतिहलक्या लॅपटॉपना फक्त टाइप-सी, म्हणजे नव्या, अरुंद यूएसबी खाचा असतात. म्हणजे टोकनसाठी आणि पक्षकाराने दिलेल्या पेनड्राइव्हसाठी एक जोडणी-हब, म्हणजे अरुंद खाचेला रुंद खाचा जोडून देणारी छोटी पेटी आली. विवरणपत्रावर सही करण्याच्या शेवटच्या दिवशी तो हब घरी राहिला, तर लॅपटॉप कितीही हलका असला तरी काम तिथेच अडते. म्हणून वजन करायचेच असेल तर भरलेली पिशवी काट्यावर ठेवावी.

यंत्र हलके कसे होते, हेही पाहायला हवे. आवरण ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे केले की बरेच वजन वाचते, कारण मॅग्नेशियमची घनता ॲल्युमिनियमच्या सुमारे दोन तृतीयांश आहे. ही बचत खरी आहे आणि तिच्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला माझी हरकत नाही. त्यापुढची बचत मात्र बहुतेक वेळा बॅटरीतून येते. चांगल्या लिथियम-आयन बॅटरीत किलोमागे साधारण २५० वॅट-तास ऊर्जा मावते. त्या हिशेबाने १०० ग्रॅम कमी करणे म्हणजे जवळजवळ २५ वॅट-तास गमावणे. हिशेबाचे सॉफ्टवेअर टॅली, एक्सेल आणि ब्राउझर एकाच वेळी उघडे असताना लॅपटॉपला ७-८ वॅट लागतात असे धरले, तर ही तीन तासांहून अधिक कामाची ऊर्जा आहे. जपानमध्ये फुजित्सूने २०२० मध्ये १३.३ इंची पडद्याचा ६३४ ग्रॅमचा लॅपटॉप आणला, ही अभियांत्रिकीची मोठी कामगिरी आहे. पण माझ्यासारख्याला वाचलेले ग्रॅम चार्जरच्या रूपाने पुन्हा पिशवीत घालावे लागतील.

या बाबतीत ॲपलचा इतिहास उद्बोधक आहे. बरेच दिवस चर्चेत असलेला मॅकबुक एअर जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी लिफाफ्यातून बाहेर काढून दाखवला. त्याचे वजन १.३६ किलो आणि किंमत १,७९९ डॉलर होती. आत ८० जीबीची छोटी, संथ हार्ड डिस्क आणि बाहेर एकच यूएसबी खाच होती. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याच नावाचा ११ इंची लॅपटॉप १.०६ किलो वजनाचा आणि ९९९ डॉलरला मिळू लागला. पुढे २०१५ मध्ये १२ इंची मॅकबुक आला: ९२० ग्रॅम, पंखा नाही, चार्जिंगसह सर्व कामांसाठी एकच टाइप-सी खाच आणि किंमत १,२९९ डॉलर. तो २०१९ मध्ये बंद झाला. उलट २०२० चा, ॲपलच्या स्वतःच्या एम१ प्रोसेसरचा एअर १.२९ किलोचा, म्हणजे त्याहून बराच जड असूनही लोकांनी वर्षानुवर्षे समाधानाने वापरला, कारण त्यात वेग, बॅटरी आणि किंमत यांचा मेळ बसला होता. ज्यांना टॅली लागते त्यांना मॅक सोयीचा नाही, कारण ती विंडोजवर चालते, परंतु १.२ ते १.३ किलो हा टप्पा योग्य आहे, हा त्यातला धडा विंडोजच्या यंत्रांनाही लागू पडतो.

वेगाच्या बाबतीत पहिल्या मिनिटातल्या चाचणीवर मी विश्वास ठेवणार नाही. पंखा नसलेले पातळ यंत्र सुरुवातीला झपाट्याने चालते, मग उष्णता बाहेर जाण्यास वाव नसल्यामुळे प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. लाखभर ओळींची खरेदी नोंदवही जीएसटीआर-२बी शी, म्हणजे जीएसटी पोर्टलवर मिळणाऱ्या खरेदीवरील कराच्या विवरणाशी ताडून पाहण्याचे काम मिनिटात संपत नाही. शिवाय ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी वापराचे तापमान १० ते ३५ अंश सांगते, आणि नाशिकचा मे महिना आता पूर्वीसारखा थंड राहिलेला नाही. पत्र्याच्या छताखालच्या स्टोअरमध्ये साठा मोजताना दुपारी पारा पस्तिशीच्या पुढेच असतो. वेगाची खरी परीक्षा तिथे, अर्ध्या तासाच्या सलग कामानंतर होते. मेमरी मात्र १६ जीबीपेक्षा कमी नकोच, कारण अशा यंत्रांत ती बहुधा मुख्य पटलावरच जोडलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. प्रोसेसर एआरएम प्रकारचा, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेचा असेल तर टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे टोकन ओळखणारा प्रोग्राम त्यावर चालतो का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. जुन्या प्रोसेसरची नक्कल करून साधे प्रोग्राम अशा यंत्रावर चालवता येतात, ड्रायव्हरचे मात्र तेवढ्याने भागत नाही.

आता किंमत. चर्चेतला डॉलरचा आकडा रुपयांत गुणून खूश होणाऱ्यांना माझा सल्ला असा की एम१ एअरचे उदाहरण पाहावे. अमेरिकेत तो ९९९ डॉलर होता. तेव्हाच्या सुमारे ७४ रुपयांच्या दराने हे जवळपास ७४,००० रुपये होतात. अमेरिकी किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, म्हणून १८ टक्के जीएसटी मिळवला की ८७,००० च्या आसपास रक्कम येते. प्रत्यक्षात भारतातली किंमत ९२,९०० रुपये होती, म्हणजे नुसत्या गुणाकाराहून बरीच जास्त.

जीएसटीत नोंदणी असलेल्या व्यावसायिकाचा हिशेब याहून वेगळा असतो. लॅपटॉप करासह १,००,००० रुपयांना मिळाला, तर त्यात १५,२५४ रुपये जीएसटी आहे. लॅपटॉप व्यवसायासाठीच असेल तर त्याचे इनपुट टॅक्स क्रेडिट घेता येते, म्हणजे तो कर स्वतः भरायच्या जीएसटीतून वजा करता येतो. मात्र त्या रकमेवर घसारा, म्हणजे वस्तूच्या झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट, लावता येत नाही. उरलेल्या ८४,७४६ रुपयांवर संगणकासाठी ४० टक्के दराने पहिल्या वर्षी ३३,८९८ रुपये घसारा मिळतो. तोच लॅपटॉप त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला गेला, तर पहिल्या वर्षीचा घसारा निम्मा होतो. उरलेला घसारा बुडत नाही, पुढच्या वर्षांत सरकतो. तरीही डिसेंबरमध्ये येईल असे म्हटल्या जाणाऱ्या यंत्रासाठी थांबणाऱ्याने हे गणित एकदा कागदावर मांडावे.

मी स्वतः सप्टेंबरपर्यंत वाट पाहणार आहे. तोवर ते यंत्र आले, त्यात किमान ५० वॅट-तासांची बॅटरी, १६ जीबी मेमरी आणि एक रुंद यूएसबी खाच असली आणि करासह किंमत लाखाच्या आत राहिली, तर मी ते घेईन. नाहीतर कॉलेज रोडवरच्या दुकानात सव्वा किलोचा, पंखा असलेला एक विंडोज लॅपटॉप मी माझे टोकन लावून पाहिला आहे. तोच घेणार आहे.