खवल्याचं वजन विचारणारी माणसं

मार्च लागला की आम्हा वनरक्षकांचा सगळा जीव वणव्यात अडकलेला असतो. सड्यावरचं, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या जांभ्याच्या माळावरचं, गवत वाळून गेलेलं, कुणी बागेच्या कडेला पालापाचोळा पेटवला तरी धडधड होते. अशाच एका दुपारी जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) बघत फिरत होतो, तेव्हा संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून पोलीस पाटलांचा फोन आला. "सकाळी तुमची दोन माणसं येऊन गेली ना? खवल्या मांजर सापडलंय का म्हणून विचारत होती."

आमचं कुणीच गेलं नव्हतं. वनपालसाहेबांना फोन करून खात्री केली आणि गाडी तशीच वाडीकडे वळवली.

खवले मांजर, म्हणजे पँगोलिन, हे आमच्या भागातलं सगळ्यात दुर्दैवी जनावर आहे असं माझं मत आहे. कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिवसभर बिळात झोपायचं, रात्री बाहेर पडून वाळवी आणि मुंग्या खायच्या. तोंडात एक दात नाही. धोका वाटला की पळत नाही, चावत नाही, अंगाचं मुटकुळं करून पडून राहतं. बिबट्यासमोर ही युक्ती चालते. माणूस मात्र ते मुटकुळं सरळ उचलून पोत्यात टाकतो. अंगावरची खवलं म्हणजे आपल्या नखांसारखंच केराटिन, त्यात औषध म्हणून काही नाही. तरी त्या खवलांपायी आशियात आणि आफ्रिकेत या प्राण्याची बेसुमार कत्तल झाली. 2016 साली आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी घालण्याचा निर्णय झाला, आपल्याकडे तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला वाघाच्या बरोबरीनं संरक्षण आहे. पण गावात कुणीतरी 'लाखात जातं' अशी आवई उठवतो आणि जनावर मरतं.

वाडीत पोचलो तेव्हा सकाळची शाळा सुटून गेली होती आणि दहाबारा पोरं शाळेच्या अंगणात क्रिकेट खेळत होती. माझा खाकी गणवेश दिसला आणि खेळ थांबला. खवल्या मांजराचं विचारलं तर सगळी एका सुरात म्हणाली, "नाय बा. आमी काय बघितलं नाय." इतकं एकमुखी उत्तर मोठी माणसंसुद्धा देत नाहीत. सकाळच्या दोघांना त्यांनी काय सांगितलं असं विचारल्यावर एक लहानगा बोलून गेला, "त्यांना वर सड्यावर धाडलं." बाकीच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बॅट टाकून मागे सरकला.

मी पायरीवर बसलो. म्हटलं, असेल तर एवढंच सांगा, त्याला कुठं लागलंय का?

सातवीतली एक मुलगी तोवर खांबाला टेकून नुसती ऐकत होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "तुमचं कार्ड दाखवा." मी ओळखपत्र काढून दिलं. तिनं फोटो पाहिला, माझा चेहरा पाहिला, शिक्का पाहिला. मग म्हणाली, "ते दोघंपण फॉरेस्टचे आहोत म्हणाले. पण त्यांनी पहिलं विचारलं, किती किलोचं आहे. सोडायला न्यायचं तर वजन कशाला पायजे?"

या खात्यात नोकरी करताना तपासाबद्दल बरंच शिकायला मिळतं, पण संशयिताचा हेतू त्याच्या पहिल्याच प्रश्नावरून इतका अचूक ओळखलेला मी फार कमी वेळा पाहिला आहे.

तरी तिनं लगेच जागा दाखवली नाही. कुठं सोडणार? जिथं सापडलं त्याच्या जवळपास. पिंजऱ्यात ठेवणार नाही ना? नाही, बंदिस्त जागेत ही जनावरं फार काळ तगत नाहीत. मग आमच्यासमोर सोडाल? तुमच्यासमोर सोडतो. एवढं झाल्यावर तिनं बाकीच्यांकडे पाहिलं आणि ती सगळी वरात एका पडक्या गोठ्याकडे निघाली.

आत एक निळं पिंप आडवं टाकलेलं, तोंडाला जांभ्याचे चिरे लावून फट ठेवलेली, वरून ओलं गोणपाट. आदल्या रात्री वणव्याच्या धगीनं ते खाली आलं असावं; पहाटे काजूच्या बिया गोळा करायला गेलेल्या पोरांना गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेला सापडलं. आधी त्यांनी वाटीत दूध ठेवलं. मांजर ना! त्यानं ढुंकून पाहिलं नाही. मग कुणाला तरी शाळेतल्या बाईंनी सांगितलेली गोष्ट आठवली. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात फेब्रुवारी 2020 मध्ये खवलोत्सव झाला होता, खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून नाचवली होती. ती गोष्ट सांगताना बाईंनी त्याचं खाणंही सांगितलं होतं. पोरं गेली आणि वाळवीनं भरलेला लाकडाचा ओंडकाच उचलून घेऊन आली.

एक चिरा बाजूला करून आम्ही गप्प बसलो. बराच वेळ काही नाही. मग मुटकुळ्यातून आधी लांबट नाक बाहेर आलं, ओलसर, सारखं हलणारं. खवलं एकमेकांवर घासताना सुक्या पानांसारखा आवाज होत होता. दोन खवलांच्या मधून राठ केस डोकावत होते, हे मीसुद्धा इतक्या जवळून प्रथमच पाहिलं. पुढच्या पायांची लांब नखं आत दुमडून ते ओंडक्यापाशी आलं आणि जीभ भोकात गेली, बाहेर आली, परत गेली. डोळ्यांना ती नुसती ओली रेघ दिसत होती. माझ्या शेजारचं पोर श्वास घ्यायचं विसरलं होतं.

परिक्षेत्र अधिकाऱ्यांना कळवलं, पशुवैद्यकीय डॉक्टर आले. एक नख तुटून रक्त आलं होतं, ते स्वच्छ केलं. डॉक्टरांनी वजन करायला काटा काढला तेव्हा त्या मुलीच्या कपाळावर आठ्या आल्या. डॉक्टरांनी तिला समजावलं की औषध किती द्यायचं ते वजनावर ठरतं. तिला ते पटलं. वजन अकरा किलो भरलं. पंचनाम्यात गावचे पंच होते, पण मजकूर मी पोरांनाही वाचून दाखवला.

अंधार पडल्यावर, वणव्याची झळ न लागलेल्या एका भागात आम्ही त्याला सोडलं. पोरांना वीस पावलं मागे उभं केलं होतं, बॅटऱ्या बंद. बराच वेळ ते गोळा होऊन पडून राहिलं, मग उलगडलं आणि झुडपात गेलं. जागेचं नाव इथं लिहीत नाही.

परत येताना सड्यावर धाडल्याचं फोडणाऱ्या त्या लहानग्यानं माझ्या हातात वहीचं फाडलेलं पान ठेवलं. मोटारसायकलचा नंबर होता, एक आकडा खोडून पुन्हा लिहिलेला. तपास त्या पानावरून सुरू झाला. प्रकरण अजून चालू आहे, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहिता येत नाही. दोष शाबित झाला तर किमान तीन वर्षं कैद आहे.

माझ्या बीटात गावं बरीच आणि मी एकटा. कुठल्या गडग्याखाली ताजी उकरलेली माती आहे, कुठल्या वारुळाला भगदाड पडलंय, हे मला कळायच्या आधी रानात काजू-करवंदांमागे हिंडणाऱ्या पोरांना कळतं. विकत घेणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे, म्हणूनच ते आधी पोरांना गाठतात, दहा-वीस रुपये, चॉकलेट पुढे करतात. त्या सकाळीही केलं होतं. पोरांनी चॉकलेट घेतलं, खाल्लं आणि त्यांना सड्यावर पाठवलं.

आता शाळांमध्ये गेलो की मी खवल्या मांजराची माहिती नंतर देतो. आधी सांगतो की गणवेशावर जाऊ नका, ओळखपत्र मागा, आणि शंका आली तर 1926 या वनविभागाच्या हेल्पलाइनवर विचारून घ्या. त्या वाडीत परवा पुन्हा गेलो तेव्हा पहिलीतल्या एका पोरानं मला अडवून कार्ड मागितलं. त्याला अजून नीट वाचता येत नाही, म्हणून त्यानं ताईला हाक मारली, आणि तिनं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून झाल्यावरच मला आत सोडलं.