कंबरदुखी, भिंत आणि टेनिसचा चेंडू

कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती सरकल्यापासून मला तिच्याभोवतीच्या आखडलेल्या स्नायूंनीच अधिक छळले आहे, कारण दुखऱ्या भागाची हालचाल रोखण्यासाठी ते ताठ राहतात आणि मग स्वतःच दुखू लागतात. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरून, गुडघे किंचित वाकवत, कण्याच्या बाजूच्या स्नायूंवर तो अर्धा मिनिट सोसवेल इतकाच दाबावा. प्रत्यक्ष मणक्यावर मात्र कधीही दाब देऊ नये. (जमिनीवर झोपल्यास अंगाचा भार चेंडूवर येतो, म्हणून मला भिंतच बरी वाटते.) याने चकती जागेवर येत नाही, काही तास तेवढे सुसह्य होतात. पायातली ताकद कमी झाली, जांघेत बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तातडीने रुग्णालय गाठावे.