तुम्ही विचारलंत म्हणून : समुद्रात वल्हवायची भीती नाही वाटत का?

शाळेत, लग्नात, बसस्टँडवर, कुठंही ओळखीचं माणूस भेटलं की बोलणं फिरून तिथंच येतं. "मॅडम, तुम्ही समुद्रात ते होडकं चालवायला जाता म्हणे! भीती नाही वाटत? किती खोल असतं तिथं पाणी?" मी लातूरला भूगोल शिकवते आणि गेली काही वर्षं सुट्टी लागली की मालवणकडे जाऊन कयाक, म्हणजे चिंचोळी वल्ह्याची होडी, आणि पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायची फळी, वल्हवते. तुम्ही विचारलंत म्हणून खरं ते सांगते. भीती वाटते. पण खोलीची वाटत नाही.

खोलीची भीती मामाच्या विहिरीतच गेली. औसा तालुक्यातलं गाव, पायऱ्यांची विहीर, भर उन्हाळ्यातही दोन पुरुष पाणी. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मामानं मला काठावरून ढकललं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पुढच्या उन्हाळ्यात डबा सुटला. पण विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. दमलात तर चार हात मारून कपारीला धरता येतं, आणि ती कपार मघाशी होती तिथंच असते. आपली पाण्याची सगळी समज अशा उभ्या पाण्यावर घडलेली आहे. विहीर, हौद, टाकी, धरण. पाण्याला आपण एकच प्रश्न विचारतो, किती आहे? 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. हा आकडा माझ्या वर्गातल्या प्रत्येक पोराला पाठ होता. अशा गावातून मी समुद्रावर गेले आणि तिथंही तेच विचारत राहिले. किती खोल? जीव जायची वेळ आली ती त्यामुळं.

मालवणजवळच्या तारकर्लीच्या मागं कर्ली नदीची खाडी आहे. एका अंगाला देवबागची चिंचोळी पट्टी, तिच्या पलीकडं उघडा अरबी समुद्र. त्या पट्टीच्या आडोशानं आतलं पाणी इतकं शांत असतं की नवख्या माणसाला तलावच वाटावा. मी आणि मावसबहीण दोघींच्या कयाकमध्ये बसलो आणि देवबागच्या संगमाकडं निघालो, म्हणजे जिथं नदी समुद्राला मिळते तिकडं. वल्हं नुसतं टेकवावं आणि होडी पळावी! हात बसले आपले, असं आम्ही एकमेकींना सांगितलं. मध्येच वल्हं उभं बुडवून पाहिलं तर तळ लागला. कमरेएवढं पाणी. मला केवढा धीर आला. परत फिरलो तेव्हा कळलं की होडी पळत होती ती ओहोटीमुळं. जीव तोडून वल्हवत होतो आणि काठावरचा एक माड काही केल्या मागं सरत नव्हता. उतरून चालावं म्हटलं तर त्याच कमरेएवढ्या पाण्यात पाय ठरेना. मागं संगमावर पांढऱ्या लाटा फुटताना दिसत होत्या. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, समुद्राची लाट आत येते, आणि दोघं भिडतात तिथं लाट उभी राहते.

होडीत जाळं आवरत बसलेल्या एका काकांनी हात हलवला आणि ओरडून सांगितलं, "सुकती लागली! कडेक येवा, हयसरच रवा!" सुकती म्हणजे ओहोटी. आम्ही कडेला गेलो. मध्यापेक्षा काठाशी ओढ कमी असते. एका मुळाला धरून तीनेक तास बसून राहिलो. मग पाणी थबकलं, जरा वेळानं उलटं फिरलं, आणि तेच पाणी आम्हाला घराकडं घेऊन गेलं.

त्या तीन तासांत मला कळलं की इथं पाण्याला विचारायचं ते वेगळं. आता कुठं चाललंय? आणखी दोन तासांनी कुठं जाणार? भरती-ओहोटी मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले होते. चंद्र, पृथ्वी, दोन बाण. एका भरतीपासून पुढची भरती 12 तास 25 मिनिटांनी. सहा तासांत पाणी सारख्या वेगानं उतरत नाही, पहिल्या तासात थोडं, तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जास्त, शेवटी पुन्हा थोडं. आम्ही नेमक्या तिसऱ्या तासात फिरलो होतो.

आता मी आधी पंचांग उघडते. कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीला पाऊणनं गुणायचं की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. हा अंदाज झाला, वेळापत्रक पाहून पक्कं करायचं, आणि खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा ओढ जोराची. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा मवाळ. आणि काहीही झालं तरी भरतीबरोबर आत, नदीच्या वरच्या अंगाला जायचं आणि ओहोटीबरोबर परत यायचं. मुखाकडं नाही. लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज इन्कॉइस ही संस्था देते, ती हैदराबादला आहे, आपल्यापासून मालवणपेक्षा जवळ. वाऱ्याचं मात्र शाळेतलंच पुरतं. दिवसा खारे वारे, रात्री मतलई. पहाटेचा मतलई जमिनीकडून समुद्राकडं वाहतो, हलका वाटतो, पण पॅडलबोर्डवर उभं राहिलात की तुमचं अंग शिडाचं काम करतं. वारा वाढला की गुडघ्यावर बसायचं, त्यात कमीपणा नाही. दुपारी खारा वारा जोर धरतो, त्याच्या आत काठावर.

बोर्डाला पायाशी बांधायची दोरी असते, तिला लीश म्हणतात. उभ्या पाण्यात ती घोट्याला चालते. खाडीत जाळ्यांचे खुंट, नांगराचे दोर, तिवरांची मुळं असतात. वाहत्या पाण्यात दोरी तिथं अडकली की माणूस पाण्याखाली खेचला जातो आणि घोट्यापर्यंत हात पोचत नाही. म्हणून तिथं कमरेची, एका झटक्यात सुटणारी लीश हवी. हे मी प्रत्येक नव्या माणसाला दोनदा सांगते.

पोहता येत नाही त्यांनी यावं का, हेही विचारता. यावं, पण सोबत जाणतं माणूस असेल तरच, आणि जॅकेट अंगाला घट्ट बसत असेल तर. दोन्ही खांद्यांना धरून कुणाला तरी वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. बदलून मागा. संकोच करू नका.

हे सगळं बोलताना मला कोकणापेक्षा आपल्याकडचीच आठवण जास्त येते. गंगापूर तालुक्यात जायकवाडीच्या फुगवट्यातून मुलं थर्माकोलच्या तुकड्यावर बसून, हातानं पाणी मारत शाळेत जात होती. 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्याची दखल घेतली. अंगात जॅकेट नाही, हातात वल्हं नाही, आणि वारा फिरला तर थर्माकोल कुठं जाईल हे सांगणारं कुणी नाही. मी सुट्टीत हौसेनं जे करते ते त्या पोरांना रोज करावं लागलं. म्हणून सातवीच्या वर्गात भरती-ओहोटीचा धडा झाला की मी एक तास जास्तीचा घेते आणि जॅकेट बांधायला शिकवते. समुद्र त्यांतल्या बहुतेकांनी पाहिलेला नाही. धरण सगळ्यांनी पाहिलंय.

आई अजून म्हणते, "कशाला जायलीस बाई तिकडं?" पण आता पंचांग तीच पाहून देते. यंदाही ठरलंय. भाऊबीज झाली की लगेच निघायचं नाही, अमावस्येनंतरचं उधाण असतं. ती कार्तिकीला पंढरपूरला जाते, मी कर्लीला. एकादशी, अकराचे पाऊण म्हणजे सव्वाआठ. साडेसहाला भरतीबरोबर आत निघायचं, सव्वाआठच्या सुमारास वळायचं, ऊन तापायच्या आत काठावर. तुम्हाला यायचं असेल तर दशमीला संध्याकाळपर्यंत मालवणात पोचावं लागेल, आणि लातूरहून सोलापूर, कोल्हापूर करत जायचं म्हणजे नवमीच्या रात्रीचीच गाडी धरा.