राउंड्समध्ये माझा आवाज कुठे जातो

भारतात पदवी घेऊन गोठ्यागोठ्यांतून काम केलेलं असलं, तरी अमेरिकेत व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, म्हणून परवाना हवा तर पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं. मी ‘पेव्ह’चा, म्हणजे परदेशी पदवी इथल्या पदवीच्या तोडीची ठरवणाऱ्या कार्यक्रमाचा, मार्ग धरला. आधी पात्रता परीक्षा, मग इथल्या मान्यताप्राप्त कॉलेजच्या हॉस्पिटलात वर्षभर रोटेशन्स, म्हणजे एकेका विभागात पाळीपाळीने काम, शिवाय नॅव्हली ही 360 प्रश्नांची परवाना परीक्षा. परीक्षांचं आपल्याला काही वाटत नाही, त्यात आपलं बालपण गेलंय. कस लागतो तो रोटेशन्समध्ये.

सकाळी राउंड्स असतात. आपापली केस सगळ्यांसमोर मांडायची, निदानाच्या शक्यता सांगायच्या, पुढचा प्लॅन सांगायचा. माझ्याहून कितीतरी लहान मुलं “मला माहीत नाही, पण मी आधी हे तपासेन” असं बिनदिक्कत म्हणून मोकळी होतात. मला ते जमेना. आपल्याकडे सरांनी “का?” विचारलं की समजायचं, चुकलं. इथे बरोबर उत्तरालाही “का?” येतंच. मी दचकायची आणि बरोबर असलेलं उत्तर बदलून टाकायची. पहिल्या मूल्यमापनात शेरा आला: ज्ञान आहे, ठामपणा नाही. आठवडाभर तो शेरा डोक्यात घुमत होता. गावाकडे अडलेली म्हैस रात्री दोनला कंदिलाच्या उजेडात सोडवणारी बाई, आणि तिच्यात ठामपणा नाही?

सगळ्यात झोंबली ती मोठ्या जनावरांच्या रोटेशनमधली टीका. एका डेअरीवर नुकतीच व्यालेली होल्स्टीन गाय खाणं सोडून उभी होती. डाव्या बाजूला शेवटच्या बरगड्यांवर स्टेथोस्कोप ठेवून बोटाने टिचकी मारली, तर रिकाम्या घागरीवर मारावी तसा खणखणीत आवाज. गायीचं चौथं पोट, म्हणजे अबोमेझम, वायूने फुगून डावीकडे सरकलेलं. आपल्याकडच्या म्हशींत हे क्वचितच दिसतं, पण पुस्तकात इतकं वाचलं होतं की निदान लगेच केलं. उपचारही सांगितले: उभ्या गायीचं ऑपरेशन, कॅल्शियम, किटोसिसचा (व्याल्यानंतर ऊर्जा कमी पडून होणाऱ्या आजाराचा) इलाज. आम्हाला शिकवणाऱ्या क्लिनिशियन म्हणाल्या, “प्लॅन अर्धवट आहे. विकून टाकण्याचा पर्याय कुठे आहे?”

म्हणजे कत्तलखान्यासाठी. ऑपरेशनचा खर्च, गायीचं वेत, तिचं दूध, याचा हिशेब मालकापुढे मांडणं हे इथे व्हेटचं कामच आहे. औषध दिल्यावर किती दिवस दूध टाकायचं आणि मांसासाठी किती दिवस थांबायचं, हेही तोंडपाठ हवं. महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा 1976 चा, बैलांनाही ती 2015 मध्ये लागू झाली. भाकड गायीचं पुढे काय होतं हे आपल्याला कळत नाही असं नाही, पण केसपेपरवर पर्याय म्हणून ते लिहायला कुणी शिकवलं नव्हतं. त्या रात्री मला आपण डॉक्टरच नाही असं वाटलं. दोन दिवसांनी डोकं शांत झाल्यावर दिसलं, की त्या बाईंनी बोट प्लॅनमधल्या एका गाळलेल्या ओळीवर ठेवलं होतं. बाकीचा सगळा निकाल माझा मीच लावला होता.

तरी प्रत्येक टीका पोटात घालावी असं मी म्हणणार नाही. उच्चार कळत नाहीत म्हणून मालकांना फोन करायचं काम न विचारता दुसऱ्याला देण्यात आलं, ते मला आजही पटलेलं नाही. तसं मी सांगितलं. फोन परत माझ्याकडे आले.

या व्यवसायात मनावरचा ताण हा चेष्टेचा विषय नाही. 2019 मध्ये इथे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सर्वसामान्य लोकसंख्येच्या तुलनेत आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण पुरुष व्हेट्समध्ये 2.1 पट आणि स्त्रियांमध्ये 3.5 पट आढळलं. आमच्याकडे समुपदेशक आहेत, मी जाते. आईला हे सांगितलं तर म्हणाली, “एवढं काय झालंय तुला?” काही झालं नाहीये गं, होऊ नये म्हणूनच जाते.

परळच्या, शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजांतून ज्युनिअर्स विचारतात, येण्याआधी काय वाचू? वाचता तुम्ही भरपूर. रोज एक केस दोन मिनिटांत, इंग्रजीत, मोठ्याने कुणाला तरी सांगा, आणि त्या माणसाला प्रत्येक वाक्यानंतर “का?” विचारायला लावा. रूममेट कंटाळेल. त्याला चहा पाजा.